थंड सारावर फुंकर

रशियातल्या गोर्यानोवो गावी उन्हाळ्यात पाहुण्याला बिटाचे थंड सार वाढतात. वाढून झाले की घरची बाई पाहुण्याच्याच वाडग्यातला पहिला चमचा स्वतः खाते, तोच चमचा त्याच्या हाती देते आणि म्हणते, "फुंकर मार, लेकरा." सार विहिरीत सोडून गार केलेले असते. पाहुणा आधी उष्ट्या चमच्याकडे पाहतो, मग साराकडे आणि शेवटी गावातल्या प्रोखोर आजोबांकडे. आजोबा मग गोष्ट सांगतात.

फार पूर्वी लुक्यान नावाचा झार होता म्हणे. थोरला भाऊ भरल्या पानावर गेला, म्हणून नवव्या वर्षी हा गादीवर आला. भावाला विष घातले असे सगळे म्हणत. कोणी घातले, ते कोणीच म्हणत नसे. तेव्हापासून झाराचे जेवण सात जणांनी चाखायचे असा नियम झाला. आचारी चाखी, कोठीवाला चाखी, वाढपी चाखी. आणि प्रत्येक जण आपण जिवंत असल्याची खात्री पटेपर्यंत थांबे. सरकारी काम ते, घाईने कसे होणार? एवढ्या मुलखाचा धनी, पण तिशी आली तरी गरम घास त्याच्या पोटात गेला नव्हता. खिडकीतून तो पहारेकऱ्यांच्या लापशीची वाफ बघत बसे, असे सांगतात.

एका हिवाळ्यात मठाच्या यात्रेहून परतताना हिमवादळ सुटले आणि लवाजमा पांगला. झार आणि सातांतला शेवटचा चाखणारा, सरदार वाव्हिला, गोर्यानोवोतल्या एका झोपडीत शिरले. झोपडी उल्याना नावाच्या विधवेची. आलेले कोण, हे तिला ठाऊक नव्हते. चुलीवरचे कोबीचे सार तिने वाडग्यात ओतले. वाव्हिलाने एक चमचा चाखला आणि डोळे मिटून बसला.

"हा काय करतोय?" उल्यानाने विचारले.

"मरतो का ते बघतोय," वाव्हिला म्हणाला.

"माझ्या घरी? मेल्या, निवेल ना ते!" तिने वाडगा हिसकावला, एक चमचा स्वतः खाल्ला आणि चमचा झाराच्या हाती दिला. "मी आहे जिवंत. खा आता."

झाराने उकळते सार तसेच तोंडात घातले. गरम अन्नावर फुंकर मारायची असते, हे त्याला कोण सांगणार? तो किंचाळला. जीभ भाजली, शब्द फुटेना.

"विष!" वाव्हिलाने तलवार उपसून उल्यानाच्या मानेला लावली. झार दोन्ही हात हलवून नको नको अशा खुणा करत होता. वाव्हिलाला वाटले, झटके येताहेत.

उल्यानाने मान न हलवता झाराकडे पाहिले आणि सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला.

"फुंकर मार, लेकरा," ती म्हणाली.

झाराने दुसरा चमचा भरला, फुंकर मारली आणि खाल्ला. मग तिसरा. तलवार हळूहळू खाली आली. त्याने तीन वाडगे संपवले, चौथा वाव्हिलाने.

राजवाड्यात नियम मोडवेना. नियम झाराहून मोठा होता. पुन्हा सात जण, पुन्हा थंड सार. पण लुक्यान आता प्रत्येक चमच्यावर फुंकर मारून मगच खाई. दरबाऱ्यांना तो धर्मविधी वाटला, तेही गंभीर चेहऱ्याने फुंकर मारू लागले. खरे कारण एकट्या वाव्हिलाला ठाऊक. तो चाखल्यावर थांबेनासा झाला, म्हणे; डोळे न मिटता वाडगा पुढे सरकवी.

पाच वर्षांनी झार वारला. विषाने नव्हे, साध्या तापाने. बातमी सांगायला वाव्हिला स्वतः गोर्यानोवोला आला. उन्हाळा होता, चूल विझलेली. उल्यानाने होते ते थंड सार दोन वाडग्यांत वाढले. एक वाव्हिलाला दिला. दुसरा रिकाम्या जागेपुढे ठेवला, त्यातला एक चमचा स्वतः खाल्ला आणि चमचा तिथेच ठेवून म्हणाली, "फुंकर मार, लेकरा."

आजही गोर्यानोवोत पाहुणा सत्तरीचा असला तरी लेकरूच. गोष्ट संपेपर्यंत विहिरीतले सार कोमट झालेले असते. तक्रार कोणी करत नाही. सगळे मुकाट्याने फुंकर मारतात आणि जेवू लागतात.