कोठारावरची नवी पाटी

एक होतं जंगल. तिथं प्रजा होती, सभा होती, अधूनमधून निवडणूकही होती. निवडणुकीत दरवेळी तोच गवा निवडून यायचा, म्हणून त्याला राजाच म्हणायची सवय पडली होती. त्याचं नाव दौलतराव. अंगानं डोंगर, आवाजानं नगारा, आणि खाण्याचं काय सांगावं, ते पुढं येईलच.

जंगलाच्या मधोमध एक कोठार होतं. सुगीला जो तो आपला वाटा त्यात आणून टाकी. कोणी ज्वारी, कोणी मोहाची फुलं, कोणी कंद, तर कोणी नुसत्या बोरांच्या बिया आणि वर उपकार केल्यासारखं तोंड. उन्हाळ्यात रान करपलं की सगळे त्यातूनच खात. कोठाराच्या दारावर निऑनची पाटी होती. काचेची नळी तापवून, वाकवून केलेली अक्षरं, आत वायू कोंडलेला. खटका ओढला की नळी घसा खाकरल्यासारखी जरा फडफडे, मग लालभडक पेटे : ‘कोठार सर्वांचे’.

फार मागं इथं लांडग्यांचं राज्य होतं. त्यांनी कोठार आतून कडी घालून खाल्लं होतं. ते राज्य गेल्यावर आज्या-पणज्यांनी ही पाटी लावली आणि एकच नियम केला : दिवस मावळल्यावर पाटीवर जे पेटेल, तो कायदा. कागद करायचा नाही. कागद वाळवी खाते, आणि वाळवीलाही मत आहे, तिला बोलायची सोय नाही. काचेत वाकवलेलं अक्षर मात्र कोण बदलणार?

खटका ओढायचा मान साळिंदरांच्या घराण्याकडं. त्या घरातली थोरली येसाक्का. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, जी काही अक्षरं येत होती ती पाटीवरचीच, आणि तेवढ्यांवर तिचा सगळा संसार झाला होता. दिवस कलला की ती अंगावरचे काटे नीट बसवून निघे. वाटेत सगळे उठून उभे राहत. दौलतराव समोर आला तरी आधी आक्का पुढं जाई, मग तो. घरात नातवंडांची पलटण होती, उन्हाळ्यात ती सगळी त्या कोठारावर जगे. पण आक्काला विचाराल तर आधी मान, मग धान्य.

एके वर्षी सभेत रंगराव सरडा बोलायला उभा राहिला. हा महाराजांचा मेहुणा. गव्याचा मेहुणा सरडा कसा, हे कोणी विचारलं नाही. ठेकेदारीत नातं असं जमून जातं.

“बंधूंनो, भगिनींनो, आणि अंडी उबवणाऱ्या माझ्या मातांनो!” सरडा म्हणाला, “ही काच म्हातारी झाली. वीज पिते. उद्या फुटली तर नळी वाकवणारा कारागीर या रानात उरलाय का? मी एलईडीची पाटी आणलीय. रंग हुबेहूब तोच, अक्षरं हुबेहूब तीच, वीज चिमूटभर. जुनी काच, नको जाच! नवी पाटी, सर्वांसाठी!”

“सर्वांसाठी!” माकडं ओरडली. त्यांना त्यासाठीच आणलं होतं.

“का रे रंगराव,” येसाक्का म्हणाली, “या तुझ्या पाटीवरची अक्षरं बदलता येतात म्हणे?”

“येतात की, आक्का. पण बदलायची कशाला?”

“मग येतात कशाला?”

सरड्यानं रंग बदलला आणि सूरही. “आक्का, नव्या पाटीचं बटण पहिल्यांदा तुम्हीच दाबायचं. मोर नाचवू, फुलं उधळू. मान साळिंदरांचाच!”

आक्काचे काटे फुलले. रागानं नव्हे, सुखानं. शेजारी सून हौसा बसली होती. तिला वाचता येत होतं, म्हणून घरात तिचं फारसं कोणी ऐकत नसे.

“आत्याबाई,” ती कुजबुजली, “बदलता येतं म्हणजे बदलणार.”

“तू गप बस. तुझ्या माहेरी साधा कंदील नव्हता.”

मग मतदान झालं. सरड्याला मान वरखाली करायची सवय. ती जितक्यांदा हलली तितकी मतं धरली आणि ठराव प्रचंड बहुमतानं पास झाला. जुनी पाटी दुरुस्तीला गेली. आक्कानं बटण दाबलं, मोर नाचला, फुलं पडली. पाटी खरंच हुबेहूब होती.

आठवडाभर हुबेहूब राहिली. मग खाली बारीक अक्षरात आलं : ‘सौजन्य, दौलतराव महाराज’. सौजन्याला कोण नाही म्हणतं? नंतर आलं : ‘अटी लागू’. अटी कुठल्या ते आलं नाही. पण पेटलं तो कायदा, म्हणून सगळे अटी पाळू लागले. ज्याला जी सुचली ती त्यानं पाळली. ससा तर एका पायावर उभा राहायचा.

एका संध्याकाळी पेटलं : ‘येथे जाहिरात करा’. झालं, सगळं जंगल कामधंदा सोडून स्वतःची जाहिरात करत सुटलं. घुबड म्हणालं, माझी नजर पाहा. गाढव म्हणालं, माझा गळा ऐका. दुसऱ्या दिवशी पाटी बिघडली आणि नुसतं ‘सिग्नल नाही’ एवढंच आलं. तोही कायदाच. टिटवीनं इशारा द्यायचं बंद केलं, आणि बिबळ्यानं दोन हरणं पूर्ण कायदेशीर रीतीनं खाल्ली.

मग ऐन उन्हाळ्यात हौसानं वाचून दाखवलं : “‘प्रजा सुखी आहे’, असं लिहिलंय.”

“चांगलं आहे की,” आक्का म्हणाली.

“चांगलं कसलं? कोठाराला कुलूप घातलंय. पहारेकरी म्हणतो, सुखी प्रजेला धान्य कशाला? आणि भूक लागली म्हणाल तर कायदा मोडला.”

त्या दिवशी पोरांनी झाडाची साल चावली. धाकटी नात रडायला लागली, तर हौसानं तिच्या तोंडावर हात ठेवला. घराबाहेर पहारेकरी माकड फिरत होतं, आणि सुखी घरातून रडण्याचा आवाज येणं बरं नव्हतं. आक्कानं ते पाहिलं. आपला सालीचा तुकडा तिनं नातीच्या हातात दिला.

ती तरातरा रंगरावाकडं गेली. “आज बटण मी दाबणार नाही. दाबलं नाही तर पेटणार नाही, पेटलं नाही तर कायदा नाही. बघतेच!”

“आक्का, बटण आजच काढलं. आता अंधार पडला की पाटी आपोआप लागते.”

“आणि माझा मान?”

“तो अबाधित आहे,” सरडा म्हणाला, “फक्त त्याला काम नाही.”

आक्का घरी आली. हौसानं आपल्या वाटची साल तिच्यापुढं सरकवली, आणि टोमण्यापेक्षा ते आक्काला जास्त लागलं.

थोड्या दिवसांनी सरडा स्वतःच दारात आला. जुनी पाटी दुरुस्त झाली होती. महाराजांनी ती वारसा म्हणून आपल्या महालात, आपल्या गव्हाणीवर टांगली होती. आता वारशाचं उद्घाटन होतं. सगळ्या जंगलानं टाळ्या वाजवायला यायचं होतं, आणि जुना खटका ओढायला आक्काच हवी होती. इतर कोणी ओढला तर वारसा जुना वाटत नाही.

“दिवस मावळल्यावर ना?” आक्कानं विचारलं.

“हो तर. उजेडात निऑन शोभत नाही.”

“येते.”

सरडा गेल्यावर हौसा भडकली. “पुन्हा मानाला भुललात? फुलं उधळतील, ती खायला घालू का पोरांना?”

“पोरांना घेऊन ये,” आक्का म्हणाली. “आणि येताना काही चावायला देऊ नकोस. भुकेली आण.”

महालात गव्हाणीच्या मागं ज्वारीचे ढीग होते, मोहाची फुलं होती, कंद होते. सगळी ओळखीची. ससा आपला वाटा बघून ‘अरेच्चा’ म्हणाला आणि लगेच सुखी चेहरा करून उभा राहिला. आक्कानं खटका ओढला. नळी फडफडली आणि लालभडक पेटली.

“हा आपला महान वारसा!” महाराज गरजले.

“महाराज,” आक्का म्हणाली, “बाहेरच्या पाटीला मला सून लागते. ही मला स्वतःला वाचता येते. ‘कोठार सर्वांचे’. दिवस मावळलाय, पाटी पेटलीय. आता कोठार कुठलं, तर या पाटीखाली जिथं धान्य आहे ते.”

“आक्का! ही शोभेची आहे!”

“शोभेची वेगळी आणि खरी वेगळी, असं नियमात आहे का? असलं तर कागद दाखवा.” मग ती मागं वळली. “हौसा, वाढ पोरांना. पहिलं ताट तुझं.”

महाराजांनी पहारेकऱ्यांकडं पाहिलं. माकडं आधीच ढिगावर चढून खात होती. मग कोणी कोणासाठी थांबलं नाही. धाकट्या नातीचे दोन्ही गाल फुगले होते, आणि आक्कानंही एक मोठा कंद तोंडात कोंबला. इतका गोड कंद तिनं जन्मात खाल्ला नव्हता.

रंगराव सरड्यानं घटकाभरात सगळे रंग पालटले, मग तो महाराजांच्या कानाशी गेला. महाराज गव्हाणीवर चढले.

“जेवा, माझ्या लेकरांनो, पोटभर जेवा! कोणीही उपाशी राहू नये म्हणूनच मी तुम्हाला बोलावलं. दौलतराव भोजन योजना आजपासून सुरू!”

टाळ्या कडाडल्या. आक्काला ‘खोटं आहे’ म्हणायचं होतं, पण तोंडात कंद होता. तेवढ्यात तिचा फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताच नव्या पाटीवर आक्काचं गच्च भरलेलं तोंड झळकलं. खाली अक्षरं होती. हौसानं वाचली : “‘लाभार्थी येसाक्का म्हणतात, महाराज, तुमचे उपकार फिटणार नाहीत’.”

पेटलं तो कायदा, त्यामुळे ते फिटत नाहीत. योजना मात्र खोटी नाही. मतदानाच्या पंधरवडाभर आधी ती अगदी वेळेवर सुरू होते.