नावेतला ग्रुप फोटो

पक्षिमित्र मंडळाचे अध्यक्ष रणदिवे यांची लेन्स तोफेएवढी आणि तोरा तिच्याहून मोठा. भिगवणला फ्लेमिंगो बघायला नाव निघाली, तेव्हा हेमलता बेडेकरांच्या गळ्यातला स्वस्तातला सुपरझूम कॅमेरा बघून ते खो खो हसले.

"बाई, हे खेळणं घरी ठेवा! माझ्या लेन्सने जमणार नाही असा फोटोच नाही. सांगाल तो काढून दाखवतो. हरलो तर मंडळाच्या कॅलेंडरवर तुमचा फोटो. जिंकलो तर हे खेळणं पुन्हा सहलीला आणायचं नाही."

"कबूल," हेमलताबाई म्हणाल्या. "मग नावेतल्या आम्हा सगळ्यांचा ग्रुप फोटो काढा."

रणदिव्यांनी तोफ रोखली. इतक्या जवळून काही दिसेचना. नावाड्याच्या मिशीचा तेवढा धूसर तुकडा आला. ते मागे सरकले, अजून सरकले.

"सायेब, थांबा! मागं पाणी हाय!" नावाडी ओरडला.

सगळे हसले, तशी नाव डुलायला लागली. हेमलताबाईंनी आधी लांबचे फ्लेमिंगो टिपले, मग झूम मागे घेऊन अख्खी नाव.

"अध्यक्षसाहेब, तुमच्या लेन्सला लांबचं झकास दिसतं हो," त्या म्हणाल्या. "फक्त शेजारी बसलेलं माणूस दिसत नाही."

कॅलेंडरवर नावेचाच फोटो आला. त्यात तोफ कवटाळून सगळ्यांत मोठ्याने हसतायत ते रणदिवेच.