मातीच्या हातांचा सौदा

दसरा आठ दिवसांवर आला होता, घाटाखाली तापाची साथ पसरली होती, आणि भर दरबारात घाटमाथ्याचे उदाजीराजे मांडीवर थाप मारून सांगत होते, "तारीख हलणार नाही!"

गेल्याच वर्षी राजांनी घाटाखालच्या सात पेठांच्या मंडळाशी नातं तोडलं होतं. "आमच्या गुळाचा भाव सात परक्यांनी का ठरवायचा?" तोडलं ते तोडलं, वर शब्दही देऊन बसले, की दसऱ्याला दिवस मावळायच्या आत नव्या सौद्याचा रुमाल पडेल, नाहीतर घाटाचं दार बंद! दार बंद झालं की वरचा गूळ वर सडणार आणि खालचं मीठ खाली राहणार.

आता सौदा म्हणजे रिवाजाप्रमाणेच. दोन्हीकडच्या दलालांनी एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. रुमाल पडला ती सौद्याची तारीख. मग भाव पटायला दोन घटका लागोत की दोन महिने, तोवर रुमाल उचलायचा नाही आणि दारही लावायचं नाही. पण साथ आल्यापासून राजांनीच दवंडी पिटवली होती, की कुणी कुणाला शिवायचं नाही!

"महाराज, दिवाळीपर्यंत मुदत मागू या," दिवाणजी हळूच म्हणाले.

"मुदत? आणि मी मागू? अहो, ऐन लढाईत होतो तरी मी माझ्या लग्नाचा मुहूर्त हलवला नाही, तलवार पाठवून लग्न लावलं! तापाला भिऊन तारीख हलवू?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खांबाआडून सटवा दलाल तेवढा पुटपुटला, "तापाला कुणी तारीख कळवली व्हती का पण?"

सटवा बैलबाजारातला दलाल. बोटं चलाख, पण जिभेला वेसण नाही. त्याची बायको गिरजा म्हणायची, "तुमचं तोंड तेवढं घरी ठेवून जात जावा." त्या दिवशी तो ते घेऊन आला होता.

"कोण बोललं?" राजे गरजले. खांबाआड सटवा होता, पण सटवाचं पोट खांबाबाहेर होतं. "पुढं ये! तारीख हलायची नाही, मुदत मागायची नाही, माणसानं माणसाला शिवायचं नाही आणि दसऱ्याला रुमाल पडला पाहिजे. जमवलंस तर हे हातातलं सोन्याचं कडं तुझं. नाही जमलं, तर खाली जाऊन तूच तिथल्या दलालांचे हात धरायचे आणि साथ सरेपर्यंत तिथंच राहायचं!"

घाटाखाली रोज तिरड्या निघत होत्या. सटवा घरी येऊन मटकन बसला. "गिरजे, देवानं मला डोकं दिलं ते नुसतं फेटा गुंडाळायला बघ."

"मग फेटा काढा आणि डोकं वापरा की!" गिरजा चुलीपुढूनच म्हणाली.

सटवानं फेटा काढला. तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी तो उठून कुंभारवाड्यात गेला, आणि तिथून शिवेच्या ओढ्यावर जाऊन पलीकडच्या दलालाला त्यानं हाळी घातली. पलीकडचा तर त्याच्याहून भित्रा निघाला, अर्धं ऐकूनच "कबूल! कबूल!" ओरडायला लागला.

दसऱ्याच्या दुपारी राजे घोड्यावरून शिवेवर आले. मागे राणीसाहेबांचा मेणा. ओढ्याच्या मधोमध एक सपाट दगड, त्यावर लाल रुमाल. अलीकडच्या काठावर सटवा, पलीकडच्या काठावर तो दुसरा, आणि दगडाजवळ कुणीच नाही!

"सौदा कुठाय?"

"त्यो काय सरकार, रुमाल पडलाय."

"आणि हात?"

वाऱ्यानं रुमालाचं टोक उडालं. खाली मातीचे दोन हात एकमेकांत बोटं गुंतवून बसले होते. सटवानं घाईघाईत स्वतःच थापलेल्या हाताचा अंगठा उलट्या बाजूला होता.

"मातीचे हात?" राजांचा चेहरा लालबुंद झाला. "हा काय पोरखेळ लावलायस? बांधा रे याला!"

सटवाची जीभ नेहमीप्रमाणे आधीच निघाली होती. "सरकार, एकच इचारतो. तुमच्या लग्नाला तुम्ही हजर व्हता?"

"मूर्खा, लढाईवर होतो! तलवार पाठवली होती!"

"मग राणीसाहेबांनी माळ कुणाला घातली?"

"तलवारीला."

"आन् संसार कुणी केला?"

"मीच की!"

"मुहूर्ताला तलवार हुबी ऱ्हायली, संसाराला तुम्ही आलासा. तसंच हे! तारखेला मातीचा हात हजर हाये. ताप सरला की आम्ही दोघं येतो, हात बदलतो आन् भाव करतो. तारीख हलली न्हाई, मुदत मागितली न्हाई, कुणी कुणाला शिवलं न्हाई. आता हा सौदा खोटा म्हणत असाल, तर आधी राणीसाहेबांना सांगा सरकार, चौदा वर्सं त्या कुणाच्या घरी नांदतायत!"

मेण्याच्या पडद्याआड कुणीतरी खुदकन हसलं. राजांनी तिकडे पाहिलं, मग त्या उलट्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि घोडा दचकेल इतक्या मोठ्यानं ते हसत सुटले! घाटाचं दार उघडंच राहिलं.

राजांनी मनगटातलं कडं काढलं. सटवानं लगबगीनं हात पुढे केला.

"अंहं, चार हात लांब! कुणी कुणाला शिवायचं नाही ना?" राजे डोळे पुसत म्हणाले. "काठीच्या टोकानं हे कडं त्या मातीच्या हातात घाला. काम त्यानं केलंय, साथ सरेपर्यंत मिरवूही दे त्यालाच. हात बदलायला येशील तेव्हा काढून घे!"