वस्तादांची पैरण

“मग हे तोंड कुणाचं पाप फेडतंय, वस्ताद?”

तातोबा वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून तांबड्या मातीतले खडे वेचत राहिले.

दुपार कलली होती. तालमीत दुसरं कुणी नव्हतं. धैर्यशील दाराजवळच उभा होता, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कॉलर वर ओढून. ऐन उन्हाळ्यात, तालमीत, पैलवानाच्या अंगावर शर्ट... यातच सगळं आलं.

वारणाकाठच्या त्या तालमीत त्याच्यासारखा गडी नव्हता. अंगानं भरलेला, डावात चलाख, आणि गर्व म्हणाल तर तोही खुराकासारखाच भरपूर. पण एकोणिसावं लागलं आणि तोंडावर पुळ्या उठल्या. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी. खांदे आणि पाठ तर भरूनच गेली. पिकायच्या, ठणकायच्या, आणि जाताना खड्डा ठेवून जायच्या.

बाहेरच्या जगात हे दुखणं असतं. तालमीत तो आरोप असतो.

मारुतीच्या तसबिरीखाली भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं : पैलवानाचा लंगोट त्याच्या तोंडावर दिसतो. वाक्य वस्तादांचं. लंगोट म्हणजे ब्रह्मचर्य; ते मोडलं की तोंडावर उठतं, असा त्याचा अर्थ. पोरं ते वाचतच मोठी झाली होती. कुणाच्या गालावर एखादी पुळी दिसली, की बाकीचे भिंतीकडे बघून खोकायचे. पूर्वी धैर्यशीलही खोकायचा. त्याच्याइतक्या जोरात कुणीच खोकत नसे.

आता पाळी त्याची होती. आणि तो तर लंगोटाचा अगदी सच्चा होता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती ही.

“बोला की, वस्ताद. तूप सोडलं. दूध सोडलं. थंडाई सोडली...”

“कुणी सांगितलं सोडायला?”

“सगळेच सांगत्यात. लिंबू चोळलं, चुना लावला. हौद्यातली माती थापून झोपलो. वजरीनं घासलं.”

“तोंड? ...टाचा घासायच्या वजरीनं?”

“रगात येईपर्यंत.”

वस्तादांचा हात मातीतच थांबला.

“आपल्या जोतिरामनं मेडिकलमधनं एक ट्यूब आणून दिली,” धैर्यशील म्हणाला. “चार दिवस तोंड आरशावानी झालं. वाटलं, सुटलो. मग लालबुंद पडलं, अन् आधी नव्हत्या तिथंबी उठल्या.”

आगीतून निघून फुफाट्यात पडला होता बिचारा.

“डॉक्टरकडं गेलास?”

“गेलो. तालुक्याला चामडीच्या डॉक्टरीणबाई हायत. त्या म्हनल्या, तारुण्यपीटिका हायत, वयाचं दुखणं हाय, पाप न्हवं. ती ट्यूब फेकून दे म्हनल्या. अंगाला तेल कमी चोळ, कुस्ती झाली की लगेच साध्या साबणानं अंग धू, घासू नको, फोडू नको. रातीला लावायला मलम दिलं, गोळ्या दिल्या. दोन-तीन म्हयनं तरी धीर धर म्हनल्या.”

“मग?”

“न्हाई धरला.” त्यानं कॉलर आणखी वर ओढली. “बाई औषध देत्यात, वस्ताद. लंगोटाचा दाखला कोण देतंय?”

वस्तादांनी एक खडा काठाबाहेर टाकला.

त्या तालमीची एक रीत होती. जोडीला उतरण्याआधी समोरच्याच्या तळहातावर चिमूटभर माती ठेवायची, आणि त्याच्या हातची आपण घ्यायची. माती घेतली नाही तर कुस्ती नाही. गेला महिनाभर धैर्यशीलच्या हातची माती कुणी घेत नव्हतं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं. कुणाचा गुडघा दुखायचा, कुणाची जोड आधीच ठरलेली असायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं; तो रोज येऊन एकटाच जोर-बैठका मारून घरी जायचा.

त्यानं पिशवीतून आपला लंगोट काढला. धुतलेला, नीट घडी घातलेला. तो हौद्याच्या काठावर वस्तादांजवळ ठेवला.

“हा घ्या. मी उद्यापासनं येत न्हाई.”

“अन् जाणार कुठं?”

“...आई माझ्याकडं बघून बोलत न्हाई आता. ताटाकडं बघून बोलती. काल वारणेच्या पुलावर लई वेळ उभा होतो, वस्ताद.”

“कशाला?”

वस्तादांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

“एकच करा,” धैर्यशीलचा आवाज फाटला. “पोरं आली की सगळ्यांम्होरं सांगा, धैर्या लंगोटाचा सच्चा हाय. बास. तुमचा शब्द पडला की मिटलं.”

ते खरंच होतं. वस्तादांनी लग्न केलं नव्हतं. तरुणपणी बांधलेला लंगोट त्यांनी सोडला नाही, असं गाव सांगायचं, आणि पोरं शपथ घ्यायची तीही त्यांच्याच नावानं.

वस्तादांनी वेचलेले खडे खाली ठेवले.

“दार लोट,” ते म्हणाले.

धैर्यशीलनं दार लोटलं. वळून बघतो, तर वस्ताद पैरणीची बटणं काढत होते.

तातोबा वस्तादांना उघड्या अंगानं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या कुस्त्या बघितलेली माणसं आता उरली नव्हती. हौद्यात उतरले तरी अंगात पैरण, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कुणी म्हणे जुनी जखम आहे, कुणी म्हणे नवस आहे. म्हाताऱ्या हातांना एकेक बटण काढायला वेळ लागत होता.

मग त्यांनी पाठ फिरवली.

खांद्यापासून कमरेपर्यंत खड्डेच खड्डे. ओल्या चिखलातून शेळ्या जाव्यात आणि चिखल तसाच वाळावा, तशी ती पाठ होती. धैर्यशीलला बघवेना आणि नजरही काढवेना.

“कधीचं हे?”

“तुझ्या वयाचा होतो तवाचं.”

“अन्... लंगोट?”

वस्ताद वळले. “तुला काय वाटतं?”

धैर्यशीलनं मान खाली घातली. मग हळूच वर केली, भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे.

“मग ते कशाला लिवून घेतलंसा?”

वस्तादांनी हातातली पैरण मुठीत आवळली.

“माझं तोंड साफ होतं, धैर्या.”

खरं तर धैर्यशीलला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ज्याच्या नावानं गाव शपथ घेतं, त्या माणसानं जन्मभर पाठ झाकली. मग ज्याच्या तोंडावरच उठलंय त्यानं काय झाकायचं, आणि कशानं?

बाहेर सायकली लागल्या. पोरांचं हसणं ऐकू आलं.

वस्तादांनी घाईघाईनं पैरण अंगात चढवली. बोटं बटणांवरून नुसती घसरत होती.

“लाव,” ते म्हणाले. आवाज अगदी पडला होता. “बटणं लाव रं लवकर.”

धैर्यशीलनं बटणं लावली. खालपासून गळ्यापर्यंत. वस्ताद मान वर करून उभे होते, लहान पोर उभं राहतं तसे. इतकं वाईट धैर्यशीलला पुलावरही वाटलं नव्हतं.

दार उघडलं. जोतिराम आला, मागून बाकीचे आले. पाया पडले, कपडे खुंटीला लावले. धैर्यशील वस्तादांकडे बघत राहिला. आता बोलतील, मग बोलतील... वस्ताद काठावर जाऊन बसले आणि खडे वेचू लागले.

शब्द पडला नाही.

धैर्यशीलनं काठावरचा लंगोट उचलला. तो घेऊन सरळ घरी जाणार होता. पण बटणं लावताना झाकून जगलेलं म्हातारपण त्यानं फार जवळून पाहिलं होतं. ते काही त्याला बाहेर पडू देईना. तो कोपऱ्यात गेला, लंगोट कसला, शर्ट खुंटीला अडकवला. लाल, पिकलेली पाठ सगळ्यांसमोरून नेत तो हौद्यात उतरला.

वाकून त्यानं चिमूटभर माती उचलली आणि हात पुढे केला.

“ये, जोतिराम.”

जोतिरामनं त्याच्या हाताकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं... आणि खोकला.

कुणीतरी मागे हसलं. कुणीतरी गुडघा चोळू लागलं. धैर्यशीलचा हात तसाच पुढे होता. चिमटीतली माती हळूहळू खाली गळत होती आणि तो ती गळताना बघत होता.

“धैर्या.”

वस्ताद काठावर उभे राहिले होते.

“जी, वस्ताद.”

“इकडं ये... बटणं काढ माझी.”