तळ्याशेजारची सरळ रेषा

नदीकाठच्या एका राज्यात जानोजी नावाचा मोजणीदार राहत होता. वेशीचा दगड म्हणजे शून्य धरायचा, तिथून इतकी पावलं पूर्वेला आणि इतकी उत्तरेला, एवढ्यावर तो राज्यातलं कुठलंही झाड कागदावर मांडून दाखवी. वीस वर्षांत त्याचा आकडा चुकला नव्हता. ही गोष्ट तो स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

राजाला नदीपासून नव्या बागेपर्यंत पाट हवा होता. तो सरळच हवा, कुठे वाकता कामा नये, अशी राजाची हौस. वाटेत एक मोठं गोल तळं होतं. त्याचा बांध मातीचा आणि बांधाखाली कुंभारवाडीची चाळीस घरं. पाट खोदताना बांधाला धक्का लागला, तर तळं फुटणार आणि वाडी वाहून जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जानोजी तळ्याची रुंदी मोजायला गेला. जिथे तळं सर्वांत रुंद, तिथे काठावर केतकीचं काटेरी बन होतं. ऊन चढलेलं, पोटात भूक. त्याने बराच दक्षिणेला सरकून मोकळ्या जागी पूर्व-पश्चिम दोर ताणला. एकशे अडुसष्ट पावलं भरली. त्याचं निम्मं, म्हणजे चौऱ्याऐंशी पावलं, ही त्याने तळ्याची त्रिज्या धरली. मग मध्यापासून शंभर पावलं सोडून पाटाची उत्तर-दक्षिण रेषा ओढली. पाट आणि तळं यांत सोळा पावलं मोकळी राहत होती. राजाने नकाशा पाहून मान डोलावली आणि नदीकडून खोदकाम सुरू झालं.

महिन्याभराने त्याला वाटेत कुंभारवाडीतली ठकूमावशी भेटली. ती रोज सकाळी तळ्याला एक फेरी घाली. बोलता बोलता म्हणाली, "सहाशेसाठ पावलं होतात बघ. मोजत चाललं की गुडघ्यांचं दुखणं ध्यानात येत नाही."

जानोजी हसला आणि हसता हसताच थांबला. सहाशेसाठला सातने गुणायचं, बावीसने भागायचं. तळ्याची रुंदी दोनशे दहा येत होती. म्हातारीची पावलं लहान असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. दुसऱ्या सकाळी त्याने स्वतः फेरी घातली. सहाशेसाठच भरली. मावशी चांगली उंच होती.

केतकी टाळून ताणलेला दोर तळ्याच्या मध्यातून गेलाच नव्हता. म्हणजे त्रिज्या एकशे पाच, आणि त्याची रेषा मध्यापासून शंभरावर. ती तळ्याच्या शेजारून जात नव्हती, तळ्यात शिरत होती.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण जानोजी राजाकडे गेला नाही. राजा काय करील याची भीती होतीच. त्याहून भीती होती ती लोक हसतील याची. खोदकाम अजून लांब आहे, उद्या सांगू, असं म्हणत त्याने आठ दिवस काढले. रोज जाऊन तो उरलेलं अंतर मोजी. दोनशे पावलं. दीडशे. नव्वद. कुणी रामराम केला तरी तो दचके.

नवव्या दिवशी पाटाच्या भिंतीतून ओल पाझरताना दिसली. बांध वीस पावलांवर होता. वाडीत कुणाची तरी भट्टी धुमसत होती आणि पोरं मातीत खेळत होती. जानोजी खड्ड्यात उतरला.

"थांबवा. माझी मोजणी चुकली आहे," तो म्हणाला. "हा पाट बांध फोडील."

कुदळी थांबल्या. खोदणाऱ्यांचा नाईक येसू पुढे आला. त्याची बायकोमुलंही वाडीतच उतरली होती.

"चार दिवसांपूर्वीच दिसलं होतं आम्हाला," तो म्हणाला. "पाट बांधावरच चाललाय."

"मग बोलला का नाहीस?"

"रेषा तुमची होती, मोजणीदार. मला वाटलं, माझेच डोळे फसताहेत. म्हणून खोदत राहिलो."

जानोजी तिथून थेट राजाकडे गेला आणि त्याने सगळं सांगितलं. राजाने रागाच्या भरात त्याचं मोजणीदारपण काढून घेतलं आणि पाट तळ्याला वळसा घालून नेला. पण जानोजीला त्याचं फार वाटलं नाही. आपल्या नावाला जपताना चाळीस घरं बुडायची वेळ आली होती, आणि ज्यांची माणसं बुडणार होती तेच आपल्यावर विश्वास ठेवून खोदत होते, हे मात्र त्याला मरेपर्यंत टोचत राहिलं.

तात्पर्य: चूक कळली की त्याच घडीला सांगावी. ज्याचं नाव मोठं, त्याने तर सर्वांआधी सांगावी. कारण त्याच्या शब्दापुढे लोक स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलंही खोटं मानतात.