टोपरं घातलेली बरणी

“पण मग पंधरा लिटरची घ्यावी की वीसची? तेवढंच सांगा, आक्का.”

आक्कांनी पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप त्याच्यापुढे सरकवलं.

“सोल.”

ही त्यांच्याकडची रीत. प्रश्न घेऊन येणाऱ्यानं आधी हाताला काम घ्यायचं. वाती, तांदूळ, शेंगा, जे चाललं असेल ते. हात मोकळे असले की माणूस प्रश्न वाढवत बसतो, असं त्या म्हणायच्या.

शंतनूनं एक शेंग उचलली आणि ती हातात धरूनच तो पुढे बोलू लागला.

मी त्याच्या शेजारी मांडीवर बरणी घेऊन बसले होते. बरणीला लोकरीचं टोपरं होतं.

आमच्या लग्नाला दोन महिने होत आले होते. आक्कांना मी पहिल्यांदाच बघत होते. वाईला, कृष्णेच्या काठी, जुन्या मठाच्या मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. लग्न केलं नव्हतं, दीक्षाही कुणाकडून घेतली नव्हती. तरी लोक विचारायला येत. शंतनू शाळेत असल्यापासून पाचगणीचा घाट उतरून त्यांच्याकडे येत असे, आणि आपण आक्कांचे शिष्य आहोत असं सगळ्यांना सांगत असे.

आक्कांनी तसं कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर नाही.

“पंधराची लवकर तापते,” तो म्हणाला. “वीज कमी. पण लवकर तापते ती लवकर निवते पण. शिवाय हीटर अडकला, बंदच झाला नाही, तर एवढ्याशा पाण्याला कढ यायला वेळ लागत नाही. वीसची सावकाश तापते, सावकाश निवते. पण तिला हीटर मोठा. मोठा म्हटला की तो उभा लावायचा की आडवा, इथून सुरुवात...”

“तू काय करतोस रे सध्या?”

“माहीत आहे की तुम्हाला, आक्का. पाण्याच्या टाक्या बांधतो. गावांसाठी.”

“केवढ्या?”

“आत्ताची दहा लाख लिटरची आहे.”

“आणि पंधरावर अडलास.”

मी बरणीकडे बघत राहिले. हसले असते तर दिसलं असतं.

अडला होता हे मात्र खरं. बरणीतला मासा माझा. बेट्टा त्याचं नाव, दुकानदार त्याला फायटर म्हणतात. मालवणला, माझ्या माहेरी, त्याला ऊब विकत घेऊन द्यावी लागत नव्हती. पाचगणीत थंडी पडली तसा तो तळाशी जाऊन बसला. वांग्याच्या रंगाचे, झालरीसारखे त्याचे पर मिटून सुतळीसारखे झाले. खायला टाकलेले दाणे वरच तरंगत राहू लागले. त्याला हीटर लावलेली छोटी टाकी हवी, हे घरात सगळ्यांना पटलं होतं. कोणती, ते शंतनू ठरवत होता.

महिनाभर ठरवत होता. रोज रात्री मोबाईलवर टाक्या बघायचा, सकाळी प्रत्येकीतला दोष मला सांगायचा. तो ठरवत होता, आणि मासा जात होता.

घरात काळजी कुणाला नव्हती असं नाही. उलट काळजीच काळजी होती. सासूबाईंनी बरणीला टोपरं विणलं, वर गोंडा लावला. शंतनूनं त्यांना समजावलं, आई, लोकर ऊब देत नाही, असलेली धरून ठेवते. त्या म्हणाल्या, “मग धरून ठेवू दे की.” सासरे सकाळी स्वतःच्या चहाआधी बरणी उचलून उन्हाच्या खिडकीत ठेवत आणि ऊन सरकलं की बरणीही सरकवत. एका माशासाठी इतकी माणसं उठबस करताना मी पाहिली नव्हती. कुठून तरी आलेल्या मुलीचा कुठून तरी आलेला मासा. मी त्या सगळ्यांचे रोज आभार मानत असे. मनातल्या मनात.

आज अखेर आम्ही टाकी आणायला निघालो. मासा बरोबर घेतला, कारण घरी ठेवून यायचा मला धीर होईना. निघताना सासूबाईंनी उंबऱ्यात थांबवलं. बरणी थोडी रिकामी होती.

“नव्या सुनेनं उणं भांडं घेऊन घराबाहेर पडू नये, गं,” म्हणून त्यांनी पाणी ओतून ती काठोकाठ भरली, झाकण गच्च लावलं आणि टोपरं सारखं केलं.

मी काही बोलले नाही. नवी सून बोलली नाही की तिला गुणी म्हणतात. गुणी होण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

घाट लागल्यावर मी टोपऱ्याखाली हात घालून झाकण सैल केलं. दर वळणाला थोडं थोडं पाणी माझ्या मांडीवर आलं. वाईला पोचेपर्यंत बरणी हवी तेवढी उणी झाली होती, आणि मी हवी त्याहून ओली.

“मासा काय म्हणतो?” आक्कांनी मला विचारलं.

“गप्प असतो.”

“आणि तू?”

“ती मुळातच कमी बोलते, आक्का,” शंतनू म्हणाला. “शांत आहे अगदी.” त्यात कौतुक होतं. मला ते आवडलंही.

“हं.” आक्कांपुढे दाण्यांचा लहानसा ढीग झाला होता. शंतनूच्या हातात अजून पहिलीच शेंग होती. “बघू तरी, कोण आहे ते.”

मी टोपरं काढलं.

आक्का वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“देखणा आहे,” त्या म्हणाल्या. “जावई रुसल्यासारखा बसलाय पण.”

शंतनूही वाकला. त्यानं मासा पाहिला नाही, पाण्याची पातळी पाहिली. टाक्या बांधणाऱ्याची नजर.

“सांडलं वाटतं घाटात. आईनं भरून दिली होती.” त्यानं आक्कांच्या शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला. थंडीत रात्रभर ओसरीवर राहिलेलं पाणी. झाकण बाजूला करून तो ओतायला वाकला.

“नको.”

मीच म्हणाले ते. जरा मोठ्यानं.

तांब्या हवेत राहिला.

लग्न झाल्यापासून त्या घरात मी ‘नको’ म्हणाले नव्हते. जेवताना वाढणाऱ्यालाही नाही. त्याचा परिणाम माझ्या ब्लाउजच्या शिवणींना माहीत होता.

“अगं, पण थोडंसंच...”

“थांब,” आक्का म्हणाल्या. “का, ते विचार तिला.”

शंतनूनं आक्कांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“का?”

“थंड आहे ते पाणी. आणि... बुडेल तो.”

शंतनू हसला. मग हसायचा थांबला.

“मासा बुडेल?”

“हो. हा वर येऊन श्वास घेतो. पाण्यातला असला तरी त्याला वरची हवा लागते. काठोकाठ भरून झाकण लावलं तर पाण्यातच गुदमरेल.”

तेवढ्यात मासा हलला. तळापासून निघाला, दमत दमत, मध्ये एकदा थांबून. वर येऊन त्यानं तोंड पाण्याबाहेर काढलं, एक घोट हवा घेतली, आणि पुन्हा खाली जाऊन बसला.

आम्ही तिघंही ते बघत होतो. शंतनूनं तांब्या खाली ठेवला, आवाज होऊ नये असा.

“हे कुठं वाचलंस तू?”

“वाचलं नाही. कॉलेजात असल्यापासून पाळते. हा तिसरा आहे माझा.”

“मला कसं माहीत नाही हे?”

मी आक्कांकडे पाहिलं. आक्का शेंग सोलत होत्या. शेंगेत किडका दाणा निघाला, तो त्यांनी बाजूला टाकला.

“मी विचारलंच नाही,” शंतनू म्हणाला.

“मीही सांगितलं नाही.”

“छान,” आक्का म्हणाल्या. “जोडा शोभतो.”

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

मग शंतनू माझ्याकडे वळून बसला. पुरता, मांडी बदलून.

“कोणती घ्यायची?”

हाच प्रश्न तो इतके दिवस मोबाईलला विचारत होता, मित्रांना विचारत होता, आज आक्कांना विचारायला घाट उतरून आला होता. मला विचारल्यावर कळलं, की मी त्याचीच वाट बघत होते.

“वीसची. पण उंच नको, आडवी. वर यायला त्याला लांब पडायला नको. हीटर आपोआप बंद होणारा. तो नीट चालतो की नाही ते कळायला वेगळा थर्मामीटर. पाणी ढवळणारं फार जोराचं काही नको, पर फाटतात त्याचे. झाकण मात्र हवंच. नाहीतर उडी मारतो. आणि झाकणानं वरची हवाही उबदार राहते. कोमट पाण्यात राहून थंड हवा घेतली तर आजारी पडतो तो.”

इतकं सलग मी लग्नात उखाणा घेतानाही बोलले नव्हते.

“आणि पाणी?”

“पुरतं नाही भरायचं. वर जागा ठेवायची.”

“किती?”

मी बोटं दाखवायला हात उचलला, पण त्याआधीच आक्कांनी स्वतःचा हात बरणीशी नेला होता. पाणी आणि काठ यांच्यामध्ये त्यांनी काचेला बाहेरून चारही बोटं आडवी लावली. अंगठा मिटलेला. पावट्याच्या सालीनं हिरवी झालेली म्हातारी बोटं.

“एवढी?”

“एवढी.”

त्यांनी हात तसाच ठेवला. बोटांच्या मागे काहीच नव्हतं, नुसती काच आणि हवा. शंतनू त्या रिकाम्या जागेकडे असा बघत होता, की जणू कुणी त्याच्याच नकाशातली चूक दाखवली आहे.

“आजच घ्यायची,” मी म्हणाले.

“आजच,” तो म्हणाला. त्यानं तिथूनच बाजारातल्या दुकानाला फोन लावला. “आडवी आहे ना एक, वीसची? हो, हीटरसकट. नाही, उंच नको. नाही हो, आता काही विचारायचं नाही, येतोच आहे.” पलीकडचा माणूस बहुतेक हसला असावा. शंतनूचे कान लाल झाले.

फोन ठेवल्यावर त्याला दुसरी काळजी लागली.

“आईला काय सांगायचं? टाकी उणी दिसली की ती भरायला जाणार.”

“मी सांगेन त्यांना.”

“तू?”

“बरणी त्यांनी भरली ती माझं चांगलं व्हावं म्हणून. कारण कळलं की त्याच मला पाणी काढायला लावतील.”

हे मी बोलले आणि मला ते खरंच वाटत होतं. ज्या बाईनं माशाला गोंड्याचं टोपरं विणलं, तिला एक वाक्य सांगायला मी दोन महिने घाबरले होते.

शंतनू शेंगा सोलू लागला. या वेळी खरोखरच. थोड्या वेळानं त्याच्यातला शिष्य पुन्हा जागा झाला.

“तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं, आक्का. म्हणून तुम्ही मला बोलू दिलंत.”

“मला काय ठाऊक असणार? मी मासा कधी पाळला नाही. ताटातसुद्धा घेतला नाही.”

“मग हिला विचारायला हवं, हे कसं कळलं?”

“तिची साडी ओली होती.”

शंतनूनं माझ्या साडीकडे पाहिलं. मांडीवर बरणीएवढा डाग होता, कडेनं वाळत आलेला. घाटाच्या सगळ्या वळणांवर तो माझ्या शेजारीच बसला होता.

त्यानं स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून माझ्या मांडीवर टाकली आणि सुपातली शेवटची शेंग सोलली.

मी बरणीला टोपरं घातलं. गोंडा वर आला. आक्कांनी सोललेले थोडे पावटे कागदात बांधून माझ्या हाती दिले, सासूबाईंसाठी.

निघताना आम्ही जोडीनं वाकलो. लग्न झाल्यापासून जिथं वाकावं तिथं थोरांच्या तोंडून एकच आशीर्वाद येत होता, आणि आक्कांनीही हात उचलून तोच सुरू केला.

“भरल्या घरात...”

त्या थांबल्या. शंतनूनं मान वर केली.

“चार बोटं उण्या घरात सुखानं नांदा.”