आधी तू

“...पण ती जगली तर माझा मुलगा मरेल, हे तुम्हाला कळतंय का?”

राणी निकाया हे दुसऱ्यांदा विचारत होती. पहिल्या वेळी आवाज खाली होता. आता नव्हता.

विहारातले सर्वांत वडील भिक्खू, इंदक थेर, ओसरीवर बसून आपल्या भगव्या चीवराला ठिगळ लावत होते. वय झालेलं, नजर अधू. सुई कापडात जायच्या ऐवजी बोटात गेली. त्यांनी बोट तोंडात घातलं.

“तुम्हाला भीती वाटतेय, ते कळतंय,” ते म्हणाले.

“मला भीती वाटत नाही.”

“बरं.”

आणि ते पुन्हा टाका घालू लागले.

हिंदुकुशाच्या पायथ्याशी तेव्हा यवनांची लहानलहान राज्यं होती. सिकंदराबरोबर आलेल्या सैनिकांचे नातू-पणतू तिथे राजे होऊन बसले होते. एका राजाला तीन-चार राण्या, प्रत्येकीचा मुलगा वारस. बाप गेला की सावत्र भाऊ एकमेकांच्या नरडीला हात घालत. भावाने भावाला मारलं की त्याला युद्ध म्हणायचे आणि त्याचे शिलालेख कोरायचे. राणीने आपलं पोर वाचवायला तेच केलं की त्याला कारस्थान म्हणायचे. शिलालेख कोरून घेणारे सगळे पुरुषच होते, हे वेगळं सांगायला नको.

निकायाचा नवरा हिवाळ्यात गेला. तिचा मुलगा अगाथोन सोळा वर्षांचा. राजेपणाची पांढरी फीत त्याच्या कपाळाला बांधली होती, पण ती सारखी कानावर घसरायची. नदीपलीकडे नवऱ्याचा सावत्र भाऊ लिसान्द्र फौज घेऊन बसला होता. त्याने दवंडी पिटवली होती, की तो लग्न करणार आहे.

नवरी अमास्त्री. निकायाच्या मेलेल्या सवतीची मुलगी, डोंगरातल्या सरदाराची नात. ती ज्याच्या घरात, डोंगरी घोडेस्वार त्याच्या बाजूला. आणि घोडेस्वार ज्याच्या बाजूला, राज्य त्याचं.

नवरदेव पन्नाशीचा होता. नवरी पाच वर्षांची.

हे ऐकून दरबारात कुणालाही शिसारी आली नाही. म्हाताऱ्या मंत्र्यांनी माना डोलवल्या. डाव चांगला आहे, म्हणाले. मग निकायाकडे बघत राहिले. काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. असल्या गोष्टी ते बायकांवर सोडत.

सरदार मेल्यावर मुलीच्या दाईने तिला या विहारात आणून ठेवलं होतं. इथे कुणी शस्त्र उपसत नसे, लिसान्द्रही नाही आणि निकायाही नाही. तो नियम दोन्ही फौजा पाळत होत्या.

म्हणून निकाया स्वतः शस्त्र न घेता आली होती. तिच्या झग्याच्या घडीत तीळ-मधाच्या सहा वड्या होत्या. त्या वड्यांत काय कालवलंय ते राजवैद्याला ठाऊक होतं आणि तिला. वैद्य म्हणाला होता, मूल नुसतं झोपी जाईल.

दारातच पहिली चकमक झाली होती.

“तलवारी बाहेर,” थेर म्हणाले होते. राणीबरोबरच्या शिपायांनी ठेवल्या.

“ढाली बाहेर.” त्याही ठेवल्या.

मग त्यांनी राणीच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं. “ही कोण?”

“माझी दासी. मिर्तो.”

“काम काय करते?”

“माझ्या घासातला पहिला घास ही खाते. पाणीसुद्धा आधी ही पिते.”

“म्हणजे ढालच की. बाहेर.”

मिर्तोला हसू आलं. अकरा वर्षांच्या चाकरीत कुणी तिला इतकं नेमकं ओळखलं नव्हतं. राणीने तिच्याकडे बघताच तिने ते गिळलं आणि ती दाराबाहेर दगडावर जाऊन बसली.

आता ओसरीवर फक्त राणी होती, थेर होते आणि कडेच्या चुलीपाशी सामा नावाची म्हातारी उपासिका जवाची पेज ढवळत होती. पार पलीकडे, कुंपणाशी, एक मुलगी खारीमागे धावत होती. इतक्या लांब, की इथलं बोलणं तिथे पोचत नव्हतं.

निकायाने अजून तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

“मी तिला न्यायला आलेय,” ती म्हणाली. “राजवाड्यात ठेवीन. मुलीसारखी सांभाळीन.”

“न्या की.”

ती गोंधळली. एवढ्या सरळ उत्तराची तिने तयारी केली नव्हती.

“तुम्ही अडवणार नाही?”

“मी कशाने अडवणार? माझ्याकडे ही सुई आहे, आणि ती मलाच टोचते... तिला विचारा. ती आली तर न्या.”

“पाच वर्षांच्या पोरीला विचारायचं?”

“तुम्हाला कितव्या वर्षी विचारलं होतं?”

“विचारलं नाही. नावसुद्धा बदललं.”

पंधराव्या वर्षी तिला नदी ओलांडून आणलं होतं. बापाला सैन्य हवं होतं आणि सासऱ्याला खिंड हवी होती. मांडवातच सासऱ्याने तिचं नाव बदललं. निकाया, म्हणजे जिंकणारी. कुणाला जिंकायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

“आधी काय नाव होतं?” थेरांनी विचारलं.

तिला आठवायला एक क्षण लागला, आणि तेवढ्या क्षणाची तिला स्वतःचीच लाज वाटली.

“ख्रिसा.”

“छान आहे.”

“त्याचा काय संबंध?”

“काही नाही. छान आहे, म्हणून म्हटलं.”

तिला राग आला. ती आयुष्यभर दूत, पुरोहित, वैद्य आणि मंत्री यांच्याशी वाद घालून जिंकली होती. हा म्हातारा वादच घालत नव्हता.

“भंते, मी सरळ विचारते. एका बाजूला माझं पोर आहे. दुसऱ्या बाजूला दुसरीचं. दोन्ही जगणार नाहीत. आई असलेल्या बाईने काय करायचं?”

थेरांनी सुई ठेवली. हाक मारली.

“अमास्त्री! इकडे ये गं. तुझ्याकडे पाहुणी आलीय.”

मुलगी धावत आली. गुडघे मातीने भरलेले, केसांत गवत. डोळे हिरवट, डोंगरातल्या लोकांचे असतात तसे. निकायाला ते डोळे ओळखीचे होते. मेजवानीत समोर बसायचे. तीन वर्षांपूर्वी डाळिंबाच्या रसाच्या पेल्यावरून तिच्याकडे बघून ते हसले होते. पेला निकायाने पाठवला होता. मान दिला असं वाटून सवत हसली होती.

“तू कोण?” मुलीने विचारलं.

“मी... तुझ्या वडिलांच्या घरची.”

“मी तुला काय म्हणायचं?”

सामाने पळी भांड्यावर आपटली.

निकायाने घडीत हात घातला. हात थरथरत नव्हता. तिने स्वतः बघून खात्री करून घेतली. वडी तळहातावर ठेवून पुढे केली.

“घे. तिळाची आहे. मध घातलाय.”

मुलीच्या तोंडाला पाणी सुटलेलं स्पष्ट दिसत होतं. ती वडीकडे बघत राहिली. मग हात मागे बांधून उभी राहिली आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाली,

“आधी तू.”

“काय?”

“आधी तू खा. मग मी. कुणी काही दिलं ना, की असं म्हणायचं. आजोबांनी शिकवलंय.”

निकायाचा तळहात तसाच पुढे राहिला.

“रोज म्हणायला लावायचे,” मुलगी सांगू लागली. “झोपायच्या आधी पण. माझी आई म्हणायला विसरली होती. म्हणून.”

पुढे काही नव्हतं. तिच्या लेखी गोष्ट तिथेच संपत होती.

चुलीतलं लाकूड तडतडलं.

“मला भूक नाही,” निकाया म्हणाली.

“मग मी पण नाही खात.” मुलगी रागावली नव्हती. तिला फक्त वाईट वाटलं होतं, वडीचं.

तेव्हा थेरांनी बाजूचं भिक्षापात्र उचललं आणि दोन्ही हातांनी निकायापुढे धरलं.

“माझ्या पात्रात टाका.”

“...का?”

“कुणीतरी आधी खायला हवं ना? ऊन डोक्यावर यायच्या आत आम्हाला जेवावं लागतं. थोडाच वेळ उरलाय. आणि पात्रात पडलेलं आम्ही नाकारत नाही, नियम आहे. टाका.”

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते. त्या अधू डोळ्यांत आरोप नव्हता, दयाही नव्हती. त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि पात्र हलत नव्हतं.

“भंते...”

“टाका, बाई. आवडलं तर मी सांगेन तिला.”

एका वडीने हा म्हातारा मरणार होता. तो मेला तर मुलगी खाणार नव्हती, म्हणजे त्याचा काही उपयोग नव्हता. निकायाच्या मनात आधी हा हिशेब आला. हिशेब बरोबर होता. बावीस वर्षं याच हिशेबावर ती तगली होती, आणि त्याचा कुजका वास तिला आज पहिल्यांदा आला.

“खराब झाल्यात या,” ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. “वाटेत... ऊन लागलं.”

ती उठली. घडीतल्या उरलेल्या पाचही वड्या काढल्या, हातातली त्यांत घातली आणि चुलीत लोटल्या. सामा झटकन मागे सरली. तीळ तडतडले. मध फसफसून काळा झाला.

“सगळ्या टाकल्या!” मुलगी ओरडली. “सगळ्या! एक तरी ठेवायची!”

“खराब होत्या.”

“थोडं काढून टाकायचं खराब! आजोबा तसंच करायचे!” तिला रडू फुटलं. पाच वर्षांच्या मुलीला भूक लागली की जसं फुटतं तसं, तोंड वासून.

सामाने घाईघाईने भांडं चुलीवरून ओढून लांब नेलं. “रडू नको गं बये. ही बघ पेज झाली. दूध घातलंय. ये.” तिने लाकडी वाटीत पेज ओतली. वाफा निघत होत्या. वाटी कुणाच्या हातात द्यायची, म्हणून तिने थेरांकडे बघितलं. थेर सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. कुणाकडेच बघत नव्हते.

मुलगी रडतरडत वाटीकडे झेपावली.

“अगं, थांब! भाजेल!”

ही निकाया होती. तिने वाटी काढून घेतली, खाली बसली, मुलीला एका हाताने मांडीशी ओढलं. पळीत थोडी पेज घेतली. फुंकर घातली. पळी ओठाला लावली. जिभेच्या टोकाने चटका बघितला आणि थोडी पेज गिळली.

दाराबाहेर दगडावर बसलेली मिर्तो ताडकन उभी राहिली.

अकरा वर्षं राणीच्या तोंडात न चाखलेला एक दाणा गेला नव्हता. मुलाच्या वाढदिवसाला गेला नव्हता. नवऱ्याच्या चितेशी, घसा कोरडा पडलेला असतानासुद्धा, पाण्याचा घोट गेला नव्हता.

निकायाला ते मिर्तोच्या चेहऱ्यावरून कळलं. पळी हातात तशीच राहिली. तिने वाट बघितली. घसा आवळतो का, बोटं बधिर होतात का. राजवैद्याने शिकवलेल्या सगळ्या खुणा तिने एकेक तपासल्या.

काही झालं नाही. पेज होती. मीठ जरा कमी होतं.

मुलीचं रडणं थांबलं होतं. ती निकायाच्या ओठांकडे टक लावून बघत होती.

“तू खाल्लंस,” ती म्हणाली. “आधी.”

आणि नाक पुसून तिच्या मांडीवर चढून बसली. केसांतलं गवत निकायाच्या हनुवटीला टोचलं. केसांना धुराचा, उन्हाचा, मातीचा वास होता. अगाथोनच्या केसांना असाच यायचा... त्याला फीत बांधायच्या आधी.

नदीपलीकडे लिसान्द्रची शिंगं वाजली. रोज या वेळी वाजत. आज ती जास्त जवळून ऐकू आली, किंवा तसं वाटलं.

निकायाने मुलीच्या डोक्यावरून थेरांकडे बघितलं. डोळे भरले होते, पण ती ते पुसू शकत नव्हती. एका हातात वाटी होती, दुसऱ्यात पळी.

“हिच्या आईला मी...”

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं. तरी पात्र पुढे केलंत.”

थेरांनी सुईचं नेढं उजेडाकडे धरलं.

“तीन दिवसांत तो नदी उतरेल. मंत्री दारात उभे असतील, विचारतील. मुलगा विचारेल. भंते, मी आता काय करू?”

मुलीने तोंड उघडलं होतं. पळीतून अजून वाफ येत होती.

थेरांनी दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं.

“फुंकर घाला, बाई. गरम आहे.”